तलाव भरला म्हणून पूर येत नाही

मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधला. दोन बाजूंना डोंगर, मध्ये मातीचा बांध, काठावर भगवतीचे देऊळ आणि खालच्या अंगाला भातशेती, माडा-पोफळीच्या बागा. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत स्थान दिले. आषाढात तुडुंब भरलेला असा तलाव पाहून कोकणातला माणूस घाबरत नाही. त्याला धास्ती असते ती तलावात न मावलेल्या, वाट फुटेल तिकडे धावणाऱ्या पाण्याची. तेच पाणी मेरा फोडते, खळ्यात येते, घरात शिरते. माणसाच्या अंगातल्या चरबीचे गणित असेच आहे, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत उंदरांच्या पेशींवरील ग्राहींचा जो अभ्यास झाला त्याने ते एकामागून एक पुरावे देत मांडले आहे. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे यावर प्रकृती ठरते. आपल्या घरातल्या गप्पा, शाळेतल्या तपासण्या, दवाखान्यातली पहिली नजर आणि आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिराती मात्र अजून वजनकाट्यापाशीच थांबल्या आहेत. लठ्ठपणा आणि चयापचयाचा बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केल्याशिवाय आपल्याकडच्या मधुमेहाचा माग लागणार नाही, असे माझे मत आहे.

डॉक्टर ज्याला रिसेप्टर म्हणतात त्याला मराठी शास्त्रीय लेखनात ग्राही म्हणतात. पेशीच्या आवरणावर किंवा तिच्या आत असलेले हे प्रथिन. रक्तातून आलेला ठरावीक निरोप ते ओळखते आणि पेशीला कामाला लावते. निरोप आला पण घेणारा नसेल तर काय होते, हे अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दिसले. तिथे १९४९ साली अतिलठ्ठ उंदरांचा एक वंश सापडला आणि १९६६ साली दुसरा, लठ्ठ आणि मधुमेही. डग्लस कोलमन यांनी या मधुमेही उंदराचा रक्तप्रवाह धडधाकट उंदराच्या रक्तप्रवाहाला जोडला. धडधाकट उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. मधुमेही मात्र खातच राहिला. कोलमन यांनी त्यावरून अनुमान काढले, की पोट भरल्याचा निरोप मधुमेही उंदराच्या रक्तात ओसंडून वाहतो आहे, पण तो घेणारा ग्राहीच त्याच्याकडे नाही. आणि १९४९ च्या लठ्ठ उंदराकडे ग्राही आहे, निरोप नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली तो निरोप, म्हणजे लेप्टिन, शोधला आणि पुढच्याच वर्षी त्याचा ग्राही सापडला. इथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. माझ्या दृष्टीने तिचा जास्त महत्त्वाचा भाग कोलमन यांच्याच दुसऱ्या कामात आहे. त्यांनी हाच जनुकीय दोष उंदरांच्या दोन जवळच्या वाणांत उतरवला. दोन्ही वाणांतले उंदीर सारखेच लठ्ठ झाले. एका वाणात स्वादुपिंडाने जास्तीचे इन्शुलिन तयार करून साखर पुष्कळशी सावरून धरली. दुसऱ्यात स्वादुपिंडाच्या पेशी थकून मेल्या, तीव्र मधुमेह झाला आणि उंदीर लवकर दगावले. दोष एक, लठ्ठपणा एक, आणि नशिबे दोन. वजनावरून आजार ओळखता येईल ही समजूत तेव्हाच ढळायला हवी होती.

इन्शुलिनच्या ग्राहीचा अभ्यास त्याहून बोलका आहे. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने १९९८ पासून काही वर्षांत एक लांबलचक प्रयोगमाला केली. इन्शुलिनचा ग्राही सगळ्या शरीरातून न काढता एका वेळी एकाच अवयवातून काढायचा आणि काय होते ते पाहायचे, अशी तिची पद्धत होती. जेवणानंतरची बहुतेक साखर स्नायू उचलतात, म्हणून स्नायूंतून ग्राही काढला की मधुमेह होणारच अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. साखर जागेवर राहिली, पण अंगातली चरबी आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले. रोहित कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतून तो काढला, तेव्हा त्या पेशी साखर वाढल्याची दखल घेऊन इन्शुलिन सोडेनाशा झाल्या. यकृतातून काढल्यावर शरीर इन्शुलिनला जुमानेनासे झाले. मेंदूतून काढल्यावर उंदरांच्या माद्या जास्त खाऊ लागल्या आणि लठ्ठ झाल्या. केवळ चरबीच्या पेशींतून काढला तेव्हा मात्र उंदीर पोटभर खाऊनही सडपातळ राहिले, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १८ टक्के जास्त जगले. ग्राही तोच, निरोपही तोच. अवयव बदलला की फळ बदलते. ‘लठ्ठपणाचा ग्राही सापडला’ अशा मथळ्याची बातमी वाचताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा, की कुठल्या अवयवातला.

या सगळ्यात निर्णायक ठरावा असा पुरावा दोन टोकांच्या उंदरांनी दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९८ साली असे उंदीर तयार केले गेले की त्यांच्या अंगात पांढरी चरबी जवळजवळ नव्हतीच. लोकांच्या समजुतीप्रमाणे ते सर्वांत निरोगी असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांना तीव्र मधुमेह झाला आणि त्यांचे यकृत चरबीने सुजले, कारण खाल्लेले तेलतूप ठेवायला जागाच नसल्याने ते यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसले. दोन वर्षांनी त्यांच्या अंगात निरोगी उंदरांच्या चरबीचे रोपण केले, तेव्हा मधुमेह मागे हटला. चरबी दिली म्हणून आजार बरा झाला, हे वाक्य पुन्हा एकदा वाचण्याजोगे आहे. दुसरे टोक २००७ साली फिलिप शेरर यांच्या गटाने दाखवले. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत त्यांनी अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे संप्रेरक वाढवले. ते उंदीर आधीच लठ्ठ असलेल्या आपल्या भावंडांपेक्षाही लठ्ठ झाले. पण चरबी कातडीखाली गेली, यकृत स्वच्छ राहिले आणि साखर ताळ्यावर आली. माणसांत याच गोष्टीची साक्ष एक जुने औषध देते. चरबीच्या पेशींच्या केंद्रकात पीपीएआर-गॅमा नावाचा ग्राही असतो. तो चेतवला की नव्या चरबीपेशी घडतात, म्हणजे तलावाची धारणक्षमता वाढते. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध याच ग्राहीवर काम करते. ते घेणाऱ्याचे वजन थोडे वाढते आणि साखर उतरते. त्याचे धोके आहेतच. याच कुळातल्या रोसिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या शंकेमुळे २०१० साली भारतात बंदी आली, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने पायोग्लिटाझोनची विक्री जून २०१३ मध्ये थांबवून पुढच्याच महिन्यात इशाऱ्यासह पुन्हा सुरू करण्यात आली. औषध कुणाला द्यावे हा डॉक्टरांचा प्रश्न. आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरेसे आहे, की वजन वाढवूनही मधुमेह सुधारता येतो.

आता हे सारे उंदरांच्या पिंजऱ्यातून महाराष्ट्राच्या घरांत कसे येते ते पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते, बॉडी मास इंडेक्स २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. काटा दोघांना एकच प्रमाणपत्र देत होता. याज्ञिक यांच्या गटाने हा फरक थेट पाळण्यापर्यंत मागे नेला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ. आईच्या पोटात अन्नाचा तुटवडा असला तरी शरीराने चरबी वाचवली आणि स्नायूंची किंमत मोजली. पुण्यात काम केलेले आनंदवर्धन हर्डीकर यांनी याज्ञिक यांच्यासह २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धाग्याचा आहे. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदीरकुळातल्या रॅट जातीच्या प्राण्यांना पुढे दोन पिढ्या पोटभर आहार दिला, तरी त्यांची मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती सावरली नाही. शतकानुशतके दुष्काळ आणि अर्धपोटी बाळंतपणे पाहिलेल्या समाजाने हा निष्कर्ष हलक्यात घेऊ नये. कॅनडातले अ‍ॅलन स्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक तर्क मांडला, की दक्षिण आशियाई लोकांत कातडीखालचा वरवरचा साठा लहान असतो, तो लवकर भरतो आणि पुढचे सारे पोटात उतरते. मला हा तर्क पटतो, कारण आकडे त्याच्याशी जुळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात बॉडी मास इंडेक्सवरून लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते आणि कंबरेच्या घेरावरून लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. मधुमेही ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसे. वजनाच्या जाळीतून निसटलेली पण कंबरेवर सापडणारी माणसे या दोन आकड्यांमधल्या फटीत उभी आहेत. आपल्याकडे हडकुळ्या माणसाला ‘काटक’ म्हणण्याची आणि त्याला साखर कशी होईल असे विचारण्याची रीत आहे. ही रीत निदान लांबवते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. उंदरांच्या चरबीपेशींवरचा बीटा-३ नावाचा ग्राही चेतवला की त्यांची चरबी झपाट्याने जळते. त्यावर बेतलेली औषधे माणसांचे वजन उतरवण्यात अपयशी ठरली, आणि त्या ग्राहीवरचे मिराबेग्रॉन आज लघवीच्या घाईवर दिले जाते. प्रयोगशाळेत उंदीर साधारण २२ अंशांवर ठेवतात, उंदराला मानवणारे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. म्हणजे अभ्यासातले पुष्कळसे उंदीर आयुष्यभर थंडीशी झगडत ऊर्जा जाळत असतात. लेप्टिनचेही तसेच झाले. जन्मजात लेप्टिन नसलेली मोजकी मुले त्याच्या इंजेक्शनांनी सुधारली, पण सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, त्याला आणखी देऊन फारसे काही साधले नाही. मग या प्रयोगांवर इमारत का उभारायची? कारण माझा युक्तिवाद कुठल्या एका ग्राहीवर टेकलेला नाही. तो दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढ्यावर टेकलेला आहे, आणि ती वेगळेपणाची खूण माणसांतही तशीच सापडते. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारात माणसांच्या अंगात चरबी जवळपास नसते, आणि त्यांना अगदी त्या चरबीहीन उंदरांसारखाच मधुमेह आणि यकृतविकार होतो. लठ्ठांवर निष्प्रभ ठरलेले लेप्टिन त्यांच्यावर लागू पडले. अमेरिकेत २०१४ साली त्याला मान्यता मिळाली. पुण्याच्या आयसर संस्थेत काम केलेले मिलिंद वाटवे यांचा आक्षेप आणखी खोलवर जातो. २०२० साली मानवा दिवेकर-जोशी यांच्यासह केलेल्या छाननीत त्यांनी ग्राही काढलेल्या प्राण्यांचे असेच प्रयोग एकत्र तपासले आणि दाखवले, की जेवणानंतरची साखर बिघडली तरी उपाशीपोटीची साखर अपेक्षेप्रमाणे हलत नाही; सबब इन्शुलिनला न जुमानणे हेच मधुमेहाचे मूळ, ही रूढ मांडणी तपासून पाहायला हवी. मूळ कोणते हा वाद चालू राहो, राहायलाच हवा. त्यातून वजनकाट्याची बाजू मात्र जराही बळकट होत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. चरबी कुठे आहे तेच महत्त्वाचे म्हटले तर स्थूल माणसाला निष्काळजी राहण्याची मुभा मिळेल. गुडघे, झोपेतला श्वास, हृदयावरचा भार यांना चरबीचा पत्ता ठाऊक नसतो; फार वजनाचा त्रास त्यांना होतोच, आणि आज निरोगी असलेला स्थूल माणूस वयाबरोबर तसाच राहील याची हमी नाही. शिवाय कोणताही तलाव अथांग नसतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने काढलेला मार्ग मला योग्य वाटतो: अवयवांवर परिणाम दिसू लागला तर तो आजार समजून उपचार, तोवर जोखीम समजून लक्ष, आणि निदानासाठी केवळ बॉडी मास इंडेक्सवर विसंबणे बंद.

हे आत्ताच ठरवायचे कारण बाजार वाट पाहत नाही. आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करणारे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये वजन उतरवण्याचे औषध म्हणून भारतात आले; त्याआधी मार्चमध्ये टिर्झेपटाइड आले होते. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, म्हणजे स्वस्त इंजेक्शने तालुक्याच्या औषध दुकानांपर्यंत पोचणार हे उघड आहे. औषधे गुणकारी आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या ग्राहींबाबत विज्ञान अजून किती नम्र आहे ते पाहा. जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही नसलेले उंदीर चरबीयुक्त खाऊनही लठ्ठ होत नाहीत, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवले. टिर्झेपटाइड तोच ग्राही चेतवते आणि वजन उतरते. चाचण्यांतले आणखी एक औषध तोच ग्राही रोखते आणि तरीही वजन उतरते. का, यावर अजून एकमत नाही. अशा वेळी ‘इतके किलो कमी’ हेच यशाचे माप धरले तर घात होईल तो नेमका आपल्या लोकांचा. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो, आणि आपल्याकडे स्नायूंची शिल्लक जन्मापासूनच तोकडी. साठ किलोच्या माणसाने पोट न तपासता आणि दंड-मांड्यांचा व्यायाम न करता सहा किलो उतरवले, तर त्यातले काय गेले हे काटा सांगणार नाही. उलट ज्याला हे औषध खरोखर हवे, तो बारीक दिसणारा, पोट सुटलेला, यकृतात चरबी असलेला माणूस वजनाच्या अटीत बसत नाही म्हणून दारातूनच परत जाईल.

उरतो तो खर्चाचा प्रश्न. चरबी कुठे आहे हे पाहायला महागडी यंत्रे लागतात आणि उपकेंद्रात काटाच परवडतो, असे कुणी म्हणेल. उत्तर सरकारच्याच कागदात आहे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती घरी येऊन जो तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला आजार यांच्याबरोबर कंबरेचा घेर विचारला आहे. बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाचा ९० च्या पुढे गेला की गुण चढतात, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचे असते. याच कार्यक्रमात २०२१ साली यकृतातल्या चरबीच्या विकाराचा समावेश झाला. शास्त्राने सांगितलेले माप गावापर्यंत आधीच पोचले आहे, आणि त्याला लागते ती शिंप्याकडे असते तशी टेप. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. आशाताईंवर कामांचा डोंगर आहे, मोबदला तुटपुंजा आहे, तक्ता पुष्कळदा अंदाजाने भरला जातो, आणि भरलेल्या घेराचे पुढे काय झाले हे ना तिला कळते ना घरच्यांना. धामापूर, काळसे, चौके अशा गावांत एका वर्षी तरी प्रत्येक घरचा घेर नीट मोजून, तो वाढलेल्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासून पाहावेत, मग ती माणसे काट्यावर कितीही हलकी भरोत. मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध यावी, श्वास सोडून झाल्यावर वाचावी, आणि लुगड्याच्या किंवा लुंगीच्या घड्यांवरून मुळीच मोजू नये.